मिनिएचर वॉरगेमसाठी आधुनिक युद्धातला प्रसंग कसा निवडायचा? संपूर्ण माहिती

माझ्या पहिल्या आधुनिक वॉरगेमची गोष्ट आधी सांगतो. महिनाभर खपून रणगाडे रंगवले, थर्माकोलचं वाळवंट केलं, रविवारी मित्राला बोलावलं. १९९१ च्या आखाती युद्धातली एक गाजलेली लढाई मांडली होती. मी अमेरिकन, तो इराकी. चाळीस मिनिटांत त्याचे सगळे रणगाडे एकेक करून डब्यात परत गेले. माझा एकही गेला नाही. शेवटी त्याने शांतपणे विचारलं, "यात मी नेमकं काय करायचं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम बरोबर होते, मॉडेलं छान होती, इतिहासही बरोबर होता. चुकली होती ती प्रसंगाची निवड. आज आपण नेमकं तेच पाहणार आहोत. टेबलावर खेळण्यासाठी आधुनिक युद्धातला प्रसंग, म्हणजे सिनॅरिओ, कसा निवडायचा, कोणते प्रसंग चांगले आणि निवडलेला प्रसंग प्रत्यक्ष टेबलावर कसा आणायचा.

## मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, छोटे सैनिक आणि छोटी वाहनं एका तयार केलेल्या भूभागावर मांडायची आणि नियमांनी लढाई खेळायची. हालचाल मोजपट्टीने मोजतात. गोळी लागली की नाही ते फासे ठरवतात. बुद्धिबळासारखे चौकोन नसतात. डोंगर, भिंत, झाड, जे टेबलावर दिसतं तेच खेळात असतं.

आपल्याकडे दिवाळीत किल्ला करणाऱ्याला यातला अर्धा छंद आधीच येतो. माती, गोणपाट, दगड, वर पेरलेले अळीव आणि बुरुजावर मावळे. फरक एवढाच की किल्ल्यावरचे मावळे पाडव्यापर्यंत जागचे हलत नाहीत, आणि इथे दर फेरीला कुणाला कुठे न्यायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं.

हा प्रकार जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसवित्झ यांचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरात आला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या सैनिकांच्या खेळाचं पुस्तक लिहिलं. या लेखात 'आधुनिक' म्हणजे मी १९४५ नंतरची युद्धं धरतोय. क्षेपणास्त्रं, रात्री पाहणाऱ्या दुर्बिणी, हेलिकॉप्टर आणि आता ड्रोन ज्यात आले, ती.

## आधुनिक प्रसंग निवडणं अवघड का असतं?

माझ्या फसलेल्या खेळाकडेच परत येऊ. ती लढाई म्हणजे '७३ ईस्टिंग', २६ फेब्रुवारी १९९१. हे गावाचं नाव नाही. वाळवंटात गावच नव्हतं, म्हणून नकाशावरच्या उभ्या ग्रिड रेषेचं नाव लढाईला मिळालं. वाळूचं वादळ चालू होतं. अमेरिकेच्या एम१ए१ रणगाड्यांत उष्णता टिपणारी दुर्बीण होती, इराकी टी-७२ मध्ये त्या तोडीचं काही नव्हतं. कॅप्टन एच. आर. मॅकमास्टर यांच्या 'ईगल ट्रूप'ने, म्हणजे ९ रणगाडे आणि १२ ब्रॅडली वाहनांनी, साधारण २३ मिनिटांत २८ इराकी रणगाडे नष्ट केले. त्यांचं स्वतःचं एकही वाहन गेलं नाही.

पुढे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, या लढाईची संगणकावर तपशीलवार पुनर्रचना करून घेतली. अभ्यासाला ती उत्तम आहे. टेबलावर मात्र एकाला फक्त नेम धरायचा असतो आणि दुसऱ्याला फक्त मरायचं असतं. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे निर्णयच उरत नाही.

आधुनिक युद्धात ही अडचण वारंवार येते. त्याची चार कारणं:

- तंत्रज्ञानातली दरी: एका पिढीचा फरक असला तरी लढाई एकतर्फी होते.
- लांब पल्ला: शस्त्रं किलोमीटरमध्ये मारतात, आपलं टेबल फुटांत असतं.
- माहितीची विषमता: कोण कुणाला आधी पाहतो यावरच अर्धा निकाल लागतो. टेबलावर तर दोघांनाही सगळं दिसतं.
- काळाची जवळीक: त्या लढाईत लढलेली माणसं, त्यांच्या घरची माणसं आज आपल्यात आहेत.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. प्रसंग किती गाजलेला आहे हे पाहून निवडू नका. दोन्ही खेळाडूंना खरा निर्णय घ्यावा लागतो का, हे पाहून निवडा.

## प्रसंग निवडण्याच्या सहा चाचण्या

### १. दोन्ही बाजूंना निर्णय आहे का?

कागदावर दोन रकाने करा. प्रत्येक बाजूच्या कमांडरला त्या रात्री कोणते दोन मार्ग मोकळे होते ते लिहा. एका रकान्यात एकच मार्ग आला तर प्रसंग बदला, नाहीतर त्या बाजूचं उद्दिष्ट बदला. ७३ ईस्टिंगचं उदाहरण घ्या. इराकी खेळाडूला 'जिंका' असं न सांगता 'निम्मी वाहनं मागच्या कडेने बाहेर काढा' असं सांगितलं तर खेळ थोडाफार जिवंत होतो. कुणी थांबून आड धरायची आणि कुणी निसटायचं, हे त्याला ठरवावं लागतं.

### २. घड्याळ कुठे आहे?

चांगल्या प्रसंगात वेळ कुणाच्या तरी विरोधात धावत असते. सूर्य उगवणार असतो, पूल उडणार असतो, जखमींना न्यायचं असतं. घड्याळ नसेल तर दोघंही आपापल्या टेकडीमागे बसून राहतात. फेऱ्यांची संख्या आधीच ठरवा आणि त्या संख्येला प्रसंगातलंच कारण द्या.

### ३. टेबलावर मावतं का?

इथे थोडं गणित करू. घरात साधारण ६ फूट बाय ४ फूट, म्हणजे १८३ बाय १२२ सेंटिमीटरचं टेबल जमतं. पायदळाच्या रायफलचा परिणामकारक पल्ला ३०० मीटर धरला तर तो टेबलावर किती होईल?

- २८ मिलिमीटरचे सैनिक, साधारण १/५६ प्रमाण: ५ मीटर ३६ सेंटिमीटर
- १५ मिलिमीटर, १/१०० प्रमाण: ३ मीटर
- ६ मिलिमीटर, १/२८५ प्रमाण: सुमारे १ मीटर ५ सेंटिमीटर

आणि रणगाड्याची तोफ २,००० मीटरवर मारते असं धरलं तर १/१०० मध्ये २० मीटर लागतील! म्हणजे दिवाणखाना ओलांडून जिन्यात उतरावं लागेल. म्हणून बहुतेक नियमांत मॉडेलचं प्रमाण वेगळं आणि जमिनीचं प्रमाण वेगळं ठेवतात. तरीही ढोबळ नियम लक्षात ठेवा: गल्लीबोळातली, घराघरांतली लढाई मोठ्या मिनिएचरना मानवते, वाळवंटातली रणगाड्यांची लढाई छोट्या मिनिएचरना.

### ४. दोन्ही बाजूंची माहिती मिळते का?

एकाच देशाच्या आठवणींवर बांधलेला प्रसंग नेहमी एकीकडे झुकतो. समोरच्या बाजूच्या तुकड्या, शस्त्रं, त्यांना मिळालेला हुकूम, एवढं तरी हवं. आकड्यांत तफावत असली तर दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि खेळासाठी मधला धरा.

### ५. मॉडेल मिळतात का?

परदेशातून धातूची मिनिएचर मागवली की कुरिअर आणि कस्टम मिळून खर्च वाढतो. आता थ्रीडी प्रिंटरमुळे हे सोपं झालंय. घरं, भिंती आणि वाहनं साध्या फिलामेंट प्रिंटरवर चांगली निघतात. सैनिकांचे चेहरे आणि रायफली हव्या असतील तर रेझिन प्रिंटर लागतो.

एका प्रमाणाची फाइल दुसऱ्या प्रमाणात छापायची असेल तर सूत्र सोपं आहे. फाइल १/१०० ची असेल तर १०० भागिले हवा तो आकडा, गुणिले शंभर. म्हणजे १/७२ साठी १३९ टक्के, १/५६ साठी १७९ टक्के, १/२८५ साठी ३५ टक्के. ३५ टक्क्यांवर तोफेची नळी सुईएवढी होते आणि मोडते. तिथे नळी कापून बारीक तार चिकटवा.

रेझिन वापरणाऱ्यांनी हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि धुतलेलं द्रावण मोरीत ओतू नका. न सुकलेलं रेझिन त्वचेला त्रास देतं.

### ६. हे युद्ध माझ्या टेबलासाठी फार जवळचं तर नाही ना?

ही चाचणी मी उशिरा शिकलो. एकदा तोलोलिंग मांडलं होतं. कारगिल युद्धात १३ जून १९९९ ला २ राजपुताना रायफल्सने घेतलेलं, द्रासच्या रस्त्यावर नजर ठेवणारं, पंधरा हजार फुटांच्या आसपासचं शिखर. आमच्या सोसायटीतले एक काका पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ते सहज डोकावले. थर्माकोलचा डोंगर पाहिला, नियमांचा कागद चष्मा लावून वाचला. मला वाटलं आता रागावणार.

ते म्हणाले, "चढणाऱ्याच्या पाठीवर ओझं किती आहे, ते यात कुठं लिहिलंय?"

नव्हतं लिहिलं. माझे सैनिक चढावर अर्ध्या वेगाने जात, एवढंच. काकांनी समजावलं की वर नेताना प्रत्येकाला ठरवावं लागतं: जास्तीचा दारूगोळा घ्यायचा, की पाणी, की गरम कपडे. जे घेतलं नाही ते वर मिळत नाही. मग आम्ही नियम बदलला. हल्ला करणाऱ्याने खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक तुकडीचं ओझं निवडायचं. जास्त दारूगोळा घेतला तर वेग कमी. पाणी कमी घेतलं तर सातव्या फेरीनंतर नेम बिघडतो. खेळ एकदम बदलला. काका पूर्ण वेळ बसले, पण फासा हातात घेतला नाही. एकदा मी उडवलेलं मॉडेल डब्यात टाकलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आडवं ठेव. टाकू नकोस."

तेव्हापासून माझ्या टेबलावर पडलेला सैनिक खेळ संपेपर्यंत जागेवरच आडवा राहतो. दोन्ही बाजूंचा. याने खेळही सुधारला, कारण कुठे किती माणसं गेली हे दोघांना सतत दिसत राहतं.

तर चाचणी अशी: त्या लढाईत असलेला माणूस अचानक दारात आला, तर तुम्ही टेबल झाकाल का? झाकावंसं वाटत असेल तर तो प्रसंग आत्ता नको. याच कारणाने मी युक्रेनमधल्या २०२२ पासूनच्या लढाया मांडत नाही. ड्रोनचे नियम करून पाहायचे असतील तर काल्पनिक गाव आणि काल्पनिक सैन्य घेतो. शिकायला तेवढंच मिळतं.

## पाच प्रसंग: कोणता कुणासाठी?

गूस ग्रीन, फॉकलंड, २८-२९ मे १९८२. नवशिक्यांसाठी माझी पहिली पसंती. ब्रिटिशांची २ पॅरा बटालियन आणि तिथली अर्जेंटिनाची फौज. रणगाडे नाहीत, म्हणून नियम कमी. लढाई अरुंद संयोगभूमीवर झाली, दोन्ही बाजूंना पाणी. टेबलाच्या कडा निसर्गानेच आखून दिल्यात. हल्ला करणाऱ्याला उजाडायच्या आत उघडं माळरान ओलांडायचंय, बचाव करणाऱ्याकडे खंदक आणि मशिनगन आहेत. दोघांनाही भरपूर निर्णय. कमांडर लेफ्टनंट कर्नल एच. जोन्स याच लढाईत मारले गेले, त्यामुळे 'नेता पडला तर पुढे काय' हा नियम इथे हवाच.

गोलान, ऑक्टोबर १९७३. रणगाडाप्रेमींसाठी. इस्रायलचे मोजके सेंच्युरियन उंचावर, सीरियाचे टी-५५ आणि टी-६२ मोठ्या संख्येने खालून. गंमत अशी की रात्री पाहण्याची इन्फ्रारेड साधनं सीरियाकडे जास्त चांगली होती. म्हणजे दिवसा एकाचं पारडं जड, रात्री दुसऱ्याचं. शिवाय सीरियाला रणगाडाविरोधी खंदकावर पूल टाकून यावं लागतं. पूल टाकणारी वाहनं कशी वाचवायची, हाच त्या खेळाडूचा मोठा प्रश्न. ६ मिलिमीटरमध्ये सुंदर जमतो.

मोगादिशू, ३-४ ऑक्टोबर १९९३. अनुभवी खेळाडूंसाठी. तासाभरात उरकायची मोहीम दोन हेलिकॉप्टर पडल्यामुळे दुसऱ्या सकाळपर्यंत लांबली. शेवटी अमेरिकन सैनिकांना बाहेर काढायला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतली पाकिस्तानी आणि मलेशियन चिलखती वाहनं लागली. १८ अमेरिकन सैनिक गेले, सोमाली मृतांचे अंदाज शेकड्यांत आहेत. इथे एक धोका आहे. सोमाली बाजू म्हणजे 'नुसती गर्दी' असं मांडलं तर खेळही बिघडतो आणि सत्यही. त्यांनाही नेते, रस्ते अडवण्याची योजना आणि वाचवायची वस्ती द्या. शस्त्र नसलेले नागरिक टेबलावर ठेवा आणि त्यांना इजा झाली तर गुण वजा करा.

७३ ईस्टिंग, १९९१. दोन खेळाडूंसाठी नको. एकट्याने खेळायला, नियम तपासायला ठीक.

लोंगेवाला, ४-५ डिसेंबर १९७१. माझा सगळ्यात आवडता. कारण पुढे सविस्तर देतो.

## लोंगेवाला टेबलावर कसं आणायचं?

'बॉर्डर' या १९९७ च्या चित्रपटामुळे नाव सगळ्यांना माहीत आहे. आता जरा खेळाडूच्या नजरेने पाहू.

राजस्थानच्या वाळवंटात २३ पंजाबची एक कंपनी, सव्वाशेच्या आत-बाहेर जवान, मेजर कुलदीप सिंग चांदपुरी यांच्या हाताखाली. जवळ १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा, मशिनगन, मॉर्टर. समोर पाकिस्तानची ब्रिगेड, चाळीसच्या आसपास टी-५९ आणि शर्मन रणगाड्यांसह. जैसलमेरला भारताची हंटर विमानं होती, पण त्यांना रात्री मारा करता येत नव्हता. चांदपुरींना वरून पर्याय मिळाला होता: थांबा किंवा मागे या. ते थांबले.

सहा चाचण्या लावून पाहा. घड्याळ? सूर्योदय. एका बाजूला तो लवकर हवाय, दुसऱ्या बाजूला उशिरा. निर्णय? पाकिस्तानी कमांडरने अंधारात थेट पोस्टवर जायचं, उजाडायची वाट पाहायची, की वळसा घालून रामगडचा रस्ता धरायचा? भारतीय कमांडरने लांबून तोफ डागून आपली जागा उघड करायची, की रणगाडा अगदी जवळ येईपर्यंत श्वास रोखून बसायचं?

मी केलेली मांडणी अशी:

1. प्रमाण: ६ मिलिमीटरची मॉडेल. टेबलावर १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर. म्हणजे टेबलाची लांबी साधारण साडेतीन किलोमीटर होते.
2. भारत: पायदळाचे ९ बेस (एक बेस म्हणजे एक सेक्शन), १ मुख्यालय, २ रिकॉइललेस तोफा, २ मशिनगन, १ मॉर्टर बेस.
3. पाकिस्तान: १४ रणगाडे (एक मॉडेल म्हणजे तीन रणगाडे) आणि पायदळाचे १८ बेस. पूर्ण ब्रिगेड मांडत नाही, टेबलावर पाय ठेवायला जागा उरत नाही.
4. फेऱ्या: रात्री साडेबारा ते सकाळी सात, अर्ध्या तासाची एक फेरी. एकूण १३.
5. अंधार: पहिल्या अकरा फेऱ्यांत ४० सेंटिमीटरपलीकडचं दिसत नाही. पण ज्याने गोळी झाडली तो पुढच्या फेरीत सगळ्यांना दिसतो.
6. तारेचं कुंपण: भारतीय वर्णनांनुसार कुंपणाची तार पाहून पुढे सुरुंग आहेत असं वाटल्याने हल्ला खोळंबला. त्यासाठी भारतीय खेळाडूने कुंपणाजवळ सहा पत्ते उलटे ठेवायचे: दोन सुरुंगाचे, चार कोरे. समोरच्याने एक फेरी खर्चून पत्ता तपासावा, नाहीतर धोका पत्करून पुढे जावं.
7. वाळू: रस्ता सोडून चालणाऱ्या रणगाड्याने दर फेरीला फासा टाकायचा. १ आला की त्या फेरीत रुतला.
8. सूर्योदय: तेरावी फेरी संपली की हंटर येतात. उघड्यावर असलेला प्रत्येक पाकिस्तानी रणगाडा फासा टाकतो. ३ किंवा कमी आला तर गेला.
9. निकाल: हंटर येण्याआधी पोस्ट ताब्यात आली किंवा पाच रणगाडे रामगडच्या कडेने बाहेर पडले, तर पाकिस्तान जिंकला. दोन्ही जमलं नाही तर भारत.

आम्ही हा प्रसंग तीनदा खेळलो. दोनदा भारत जिंकला. एकदा पाकिस्तानी खेळाडूने कुंपणाकडे पाहिलंही नाही, सरळ वळसा घातला आणि सहाव्या फेरीलाच रामगडच्या दिशेला लागला. रुतून तीन रणगाडे मागे राहिले, तरी तो जिंकला. लढाई किती बारीक धाग्यावर होती, हे पुस्तकं वाचून मला एवढं कळलं नव्हतं.

आता खरी अडचण. पाकिस्तान कोण खेळणार? पहिल्या वेळी कुणीच तयार होईना. एक जण तर म्हणाला, "मी हरायलाच खेळतो." तसं खेळला की चांदपुरींच्या निर्णयाला काही अर्थच उरत नाही. समोरचा हुशार नसेल तर थांबण्यात धैर्य ते काय? तोडगा सोपा आहे. एकाच दिवशी दोनदा खेळा, बाजू बदलून. दोघांचे गुण शेवटी एकत्र करा. मग प्रत्येक जण दोन्ही बाजू मन लावून खेळतो.

## नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

- सगळं युद्ध मांडणं. एक कंपनी, एक रात्र, एक गाव पुरे. पहिल्या खेळात बाजूला दहा-बारा मॉडेलपेक्षा जास्त नको.
- फक्त 'शत्रू संपवा' हे उद्दिष्ट. खऱ्या कमांडरला पूल, रस्ता, टेकडी किंवा जखमी हवे असतात. तेच उद्दिष्ट द्या.
- इतिहास जबरदस्तीने घडवणं. प्रत्यक्षात जो जिंकला तोच टेबलावर जिंकला पाहिजे असं नाही. परिस्थिती खरी ठेवा, निकाल मोकळा ठेवा.
- सगळं उघडं ठेवणं. उलटे पत्ते, रिकामे बेस वापरा. लपण्याची सोय नसेल तर आधुनिक पायदळाला टेबलावर जगता येत नाही.
- मॉडेल आधी, प्रसंग नंतर. मी हेच केलं होतं. आधी कागदावर बिल्ले कापून एकदा खेळून पाहा. मजा आली तर मग रंग आणा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोणते नियम घ्यावेत?
पायदळाच्या छोट्या चकमकींसाठी २०११ चं 'फोर्स ऑन फोर्स' चांगलं. त्यात सैनिक जितका कसलेला तितका जास्त बाजूंचा फासा मिळतो, म्हणून विषम लढाया नीट बसतात. १५ मिलिमीटर रणगाड्यांसाठी 'टीम यँकी' आहे, पण त्यातलं युद्ध १९८५ चं काल्पनिक आहे. खूप रणगाडे हवे असतील तर 'फिस्टफुल ऑफ टोज' पाहा.

टेबल करायला खर्च किती?
थर्माकोल, फेविकॉल, चाळलेली वाळू, लाकडाचा भुसा आणि जुनी चादर एवढ्यात वाळवंट होतं. फक्त थर्माकोलवर स्प्रे रंग थेट मारू नका, तो विरघळतो. आधी फेविकॉलचा हात द्या.

मुलांसोबत खेळावं का?
खेळू शकता, पण प्रसंग विचारपूर्वक घ्या. माझ्या भाचीसोबत मी पुलाचा काल्पनिक प्रसंग खेळतो. खेळ झाल्यावर खरी लढाई कुठे झाली, किती माणसं गेली, हे पाच मिनिटं बोलतो. ते बोलणं वगळत नाही.

हे युद्धाचं कौतुक नाही का?
प्रसंग नीट निवडला तर उलट होतं. दर फेरीला तुम्हाला कुणाला तरी पुढे पाठवावं लागतं, आणि तो परत येत नाही तेव्हा ते मॉडेल तुमच्यासमोर आडवं पडलेलं असतं.

## शेवटी

आता तुमच्या मनात जो प्रसंग असेल, तो एका कागदावर लिहा. खाली दोन रकाने करा आणि त्या रात्री दोन्ही बाजूंना काय काय करता येत होतं ते भरा. दोन्ही रकाने भरले तर तुमचा प्रसंग ठरला, टेबल पुसायला घ्या.

माझा तो मित्र अजून खेळायला येतो. लोंगेवालाला वळसा घालून जिंकला तो तोच. त्या दिवशी त्याने काय करायचं होतं, हे त्याला विचारावं लागलं नाही.